डावा खांब

आइस हॉकीची फायनल, शेवटचे काही सेकंद, एकाच गोलची आघाडी. गोलकीपर टेगन गोलसमोर बर्फावर आडवी पडली. चकती तिच्याखाली की गोलच्या आत, पंचालाही दिसेना. भोंगा वाजला. चकती तिच्या पोटाखालीच होती. कॉन्फरन्सचा, म्हणजे त्यांच्या कॉलेजगटाचा, करंडक टेगनच्या टीमचा!

हात मिळवायच्या रांगेत हरलेल्या टीमची गोलकीपर लिंडी, कॉलेजात यंदाच आलेली, हुंदके देत होती. टेगनने तिचा हात धरूनच ठेवला.

“रडतेस काय? गोलचा डावा खांब उघडा टाकतेस, तिथेच गोल खाल्लास. पुढच्या शनिवारी नीट सांभाळ.”

“कसला शनिवार? हरलो ना आम्ही!”

“वेडाबाई, आम्ही नुकतेच वरच्या डिव्हिजनला आलोय. करंडकवाले राष्ट्रीय स्पर्धेला जातात, पण नव्या टीमला नियमाने अजून ती बंद. आमच्या जागी तुम्हीच जाणार.”

“मग तू पुढच्या वर्षी?”

“माझं हे शेवटचं वर्ष. टीव्हीवर बघेन तुला. डावा खांब, विसरू नकोस.”