नराचे तुरे

"मबरूकाला नराचा एकही तुरा द्यायचा नाही," असं तिच्या दिरानं, मिलादनं, आमच्या घदामिस गावच्या चौकात बसून सगळ्या पुरुषांना दरडावलं. खजुरात नर-मादी झाडं वेगळी; नराच्या फुलांचा तुरा मादीवर झटकला नाही तर फळ धरत नाही, आणि मबरूकाच्या बागेत नर-झाड नव्हतं. फळ नाही धरलं, की ही विधवा भावजय बाग माझ्या हवाली करून मुकाट माहेरी जाईल, असा त्याचा बेत.

सुगीत तो बाग बघायला आला, तर झाडं घोसांनी वाकलेली. मबरूका झाडावर विळा घेऊन बसलेली.

"कोणी दिला तुरा? नाव सांग, एकेकाला बघून घेतो!"

"पुरुषांवर कशाला डाफरता, भाऊजी? बिचारे तुम्हाला टरकून होते. एकानंही तुमचा शब्द मोडला नाही."

"मग काय आभाळातून पडला?"

"वरूनच आला म्हणा. तुरे वाळत कुठं घालता तुम्ही सगळे?"

मिलादची नजर गावातल्या गच्च्यांकडे गेली. आमच्या गावात गल्ल्या पुरुषांच्या आणि गच्च्या आम्हा बायकांच्या. एकीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर, अशा आम्ही अख्खं गाव पालथं घालतो, आणि तिथं पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं.

"एवढी मजल? पहिला तुरा कोणत्या घरातून गेला?"

मबरूकानं सगळ्यात मोठा घोस दोरीनं अलगद त्याच्या हातात उतरवला.

"हा घरी न्या, भाऊजी. आणि जाऊबाईंना सांगा, त्यांच्या तुऱ्याला फळ धरलं म्हणून."