रतनच्या मागावर

मंगळवारी, कसलाही सण नसताना, मोगऱ्याचा गजरा.

बसून बसून खळगा पडलेली वेताची खुर्ची.

कधीपासून रिकामा असलेला साखरेचा डबा.

शिवणाऱ्या बाईकडे आत घ्यायला टाकलेले ब्लाउज.

पुरुषी निळा रुमाल. नवा, घडीही न मोडलेला.

आणि संध्याकाळी, ऊन नाही की पाऊस नाही, तरी उघडलेली एक काळी छत्री.

छत्री उसाच्या गाड्याआड उभी होती. रतनने बंद कंपनीच्या भिंतीशी वाकून चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं केलं आणि काखेखालून मागे पाहिलं. छत्रीखाली नवऱ्याचे, नाथाचे पाय दिसत होते. तिने पदर तोंडाला लावला, हसू गिळलं आणि मोहने गावच्या बाजाराकडे वळली.

होळीच्या सुमारास कॉलनीत तपासणीचं शिबिर झालं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांचं रक्त, छाती, सगळं बघत होते. रतनचंही रक्त काढलं, पण पुढे काय झालं हे तिने विचारलं नाही. "मला काय धाड भरलीय," हे तिचं ठरलेलं. स्वतःसाठी ती कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. निकाल घ्यायला दोघं गेली तेव्हाही ती बाहेर बाकावर मटार सोलत बसली. नाथा एकटाच आत गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आला.

"काय म्हणाले?"

"छातीचं आहे. गोड बंद. आणि रोज चालायचं म्हणे."

"मग चाला."

"मी नाय चालणार. कंपनीत सगळी नोकरी उभ्याने काढली. आता बसणार."

आणि बसला. खिडकीशी, वेताच्या खुर्चीत.

"बाबा, निदान गेटपर्यंत तरी जा ना," माजिवड्याहून सून मेघाली फोनवर विनवायची. नाथा फोन कानापासून लांब धरून कबुतरांकडे बघत राहायचा. "माझ्यासमोर कोणी गोड खाल्लेलं मला बघवायचं नाय," असं वर म्हणाला, म्हणून रतननेही साखर सोडली. ती रडली, तिने अबोला धरला. रात्री जाग आली की त्याच्या नाकाशी बोटं धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. हा माणूस असा बसल्या बसल्या जाईल आणि आपण बघत राहू, असं तिला वाटायचं.

मग तिला आठवलं, आपण कोणाची बायको आहोत. मुक्कामाला आलेली मावशी लवकर घरी जावी म्हणून घरातली सगळी घड्याळं पुढे करून ठेवणाऱ्याची. आणि आपणही काही कमी नव्हतो. पगाराच्या दिवशी त्याच्या खाकी पँटचे खिसे शिवून ठेवले होते. बिचारा पाकीट हातात धरून कल्याणहून आला होता.

त्या मंगळवारी तिने गजरा माळला.

"कुठे निघालीस?"

"आहे एक काम."

"कसलं?"

"तुम्हांला काय करायचंय? तुम्ही बसा."

दुसऱ्या दिवशी छत्री मागे होती.

तेव्हापासून रतनला उसंत नव्हती. रोज नवं काहीतरी काढावं लागे. एकदा निळा रुमाल घेतला, त्याला दिसेल असा. एकदा पानवाल्याला मोठ्याने विचारलं, "आले होते का हो ते?"

"कोण, काकी?"

"राहू दे."

वाट रोज थोडी लांबवली. सुरुवातीला नाथाला दम लागेल म्हणून ती आंबिवली स्टेशनच्या पुलावर टप्प्याटप्प्याला थांबायची, कठड्याला धरून श्वास घ्यायची. बसून राहणाऱ्याच्या काळजीने आपलीच अशी हालत झालीय, असं तिला वाटे. मग हळूहळू थांबणं सुटलं. तिचे पाय सुजायचे, ते सुजेनासे झाले. ब्लाउज सैल झाले. नाथाच्या धास्तीने झिजले, असं तिने शेजारी सांगितलं.

एकदाच तिचा ताल चुकला. वळणावर चटकन मागे पाहिलं, तर छत्री मिटून काखेत आणि नाथा हलवायाच्या दुकानाशी जिलबी खात उभा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार कशी? बोललं की खेळ संपला. घरी आल्यावर तिने त्याला कारल्याची भाजी वाढली. त्याने दोनदा मागून खाल्ली.

आज ती नदीकाठच्या टपरीपर्यंत आली. इतक्या लांब पहिल्यांदाच. बाकड्यावर बसली आणि शेजारची जागा पदराने झटकून मोकळी ठेवली. त्या जागेवर छत्री येऊन टेकली.

"सापडलीस," नाथा म्हणाला. "कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी रुमाल घेतलास."

रतनने पर्समधून रुमाल काढला, घडी मोडली आणि त्याचं कपाळ पुसायला गेली. कपाळ कोरडं होतं. तिच्याच कानशिलावरून घाम ओघळत होता. तो त्याने रुमाल घेऊन टिपला.

"तुमच्यासाठी घेतलाय," ती म्हणाली. "खुर्चीतून उठवायला दुसरा उपाय उरला नव्हता. घरापासून इथवर चाललात, कळतंय का?"

"म्हणजे मला बनवलंस?"

"चांगलं बनवलं."

नाथा हसला. जरा जास्तच वेळ हसला. मग तिच्या पायांकडे बघत राहिला.

"उद्या कुठे?"

"ते सांगितलं तर तुम्ही कशाला याल?"

"बरोबर. नको सांगूस. मी आपला मागून येतो." तो टपरीवाल्याकडे वळला. "दोन चहा दे रे. दोन्ही बिनसाखरेचे."

रतन बाहेर बाकावर मटार सोलत होती तेव्हा डॉक्टर आत नाथाला म्हणाले होते, "काका, तुमची छाती ठणठणीत आहे. साखर काकींची वाढलीय. रोज चालल्या आणि गोड सोडलं, तर गोळ्या लागणार नाहीत, पण त्या ऐकतील का?"