मॅकवर नसलेली सोय

जुना कॉम्प्युटर बिघडला म्हणून धाकटीनं मॅक घेतला आणि पस्तावली. गाण्याला साथ करणारं सॉफ्टवेअर तेच, पण त्यातला मेला पियानो भलत्याच जागी अडून बसायचा. वैतागून तिनं कंपनीला फोन लावला.

“मॅडम, गाणाऱ्यासाठी थांबायची सोय मॅकवर अजून आलीच नाही. तिथे साथ सरळ वाजत जाते.”

“अहो, पण हा थांबतोय ना!”

“कुठे कुठे?”

ती ओळी गुणगुणून सांगू लागली आणि मध्येच तिच्या लक्षात आलं. दम्यानं गेलेली ताई हेच गाणं म्हणताना नेमकी तिथे श्वास घ्यायची.

फोन ठेवून तिनं ओठ घट्ट मिटले आणि पियानो सुरू केला. तो वाजत राहिला, मध्ये मध्ये थांबत, कुणाला तरी दम खाऊ देत.