कॉफी, सर?

दिग्दर्शकाने ‘अ‍ॅक्शन’ म्हटलं आणि टेबलाशी बसलेल्या एझ्राने सवयीने उठून गोऱ्या वेटरच्या हातातला ट्रे आपल्याच हातात घेतला. सेटवर हशा पिकला. बावीस वर्षं त्याने पडद्यावर दुसरं केलं तरी काय होतं? हॉलिवूडमध्ये काळ्या नटाच्या वाट्याला ट्रेच यायचा. आज पहिल्यांदाच तो नायक होता!

“अहो, तुम्ही नुसतं बसायचंय!” दिग्दर्शक ओरडला.

एझ्रा बसला. वेटर अदबीने वाकला. “कॉफी, सर?” एझ्राला हसू फुटलं. पुन्हा टेक, पुन्हा हसू. सहाव्यांदा त्याने ते कसंबसं आवरलं आणि स्वतःच ‘कट!’ म्हणाला.

“आता काय झालं?” दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

“कॅमेऱ्यामागे आई बसलीय. तिला कमी ऐकू येतं. ते ‘सर’ जरा मोठ्यांदा म्हणायला सांगा ना!”