कोऱ्या कागदावरची हमी

तुळसीची हाडं जन्मापासून ठिसूळ होती. आठ वर्षांत अकरा वेळा मोडली. कुंभकोणमच्या दोन शाळांनी तिला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा तिसऱ्या शाळेत तिला आणि तिच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, घेऊन डॉक्टर सुप्रजा स्वतः गेल्या. मुलांच्या हाडांच्या आणि हार्मोनच्या आजारांवर उपचार करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, पण पेशंटसाठी शाळेची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. मुख्याध्यापकांनी कोरा कागद पुढे सरकवला. “हिचं हाड इथे मोडणार नाही, अशी हमी लिहून द्या, डॉक्टर. लगेच प्रवेश देतो.” अप्पांनी मान खाली घातली. सुप्रजांनी पेन उघडून ठळक तमिळ अक्षरांत लिहिलं, ‘हाड मोडेल. कधी, ते सांगता येत नाही. मोडलं की मला बोलवा.’ खाली सही आणि फोन नंबर. “ही कसली हमी?” मुख्याध्यापक चिडले. “मी येईन, याची. हाडांचं बघणं माझं काम आहे, शिकवणं तुमचं. ते करायचं नसेल, तर तसं याच कागदाच्या मागे लिहून द्या.” मुख्याध्यापकांनी कागद उलटला. पेन उचललं, पण काही न लिहिता परत खाली ठेवलं. मग शिपायाला हाक मारून म्हणाले, “तिसरीच्या वर्गात हात असलेली एक खुर्ची ठेव.” सुप्रजा तुळसीकडे वळल्या आणि दोघींच्याही घरी बोलल्या जाणाऱ्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, “चल, उचलून नेते.” “नको, अक्का. पोरं बघतायत.” तुळसीनं वॉकर पुढे टाकला आणि ती एकटीच वर्गाकडे निघाली.