सगुणाबाईंचे नवे दात

डॉ. मुजावर धापा टाकत सर्कशीच्या तंबूत शिरल्या. "सगुणाबाई, हे दात ऊस खायला उगवलेत, लटकायला नाही!"

सगुणाबाई हसल्या. दात पडले तेव्हा दातांनी दोराला लटकण्याचा त्यांचा खेळही बंद पडला होता. आता सत्तरीत, डॉक्टरांनी हिरड्यांत पेरलेल्या सगुणाबाईंच्याच पेशींतून तोंडभर नवे दात आले होते.

"मुळं धरलीत ना त्यांनी?"

"धरलीत, पण..."

"मग झालं तर."

खाली जाळी बांधली होती. सगुणाबाईंनी दोराचा चामडी पट्टा दातांत घट्ट धरला आणि त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. जबडा ठणकला, पण एकही दात हलला नाही. तंबूच्या छताखाली त्यांनी हात पसरून गरकन गिरकी घेतली.

खालून डॉक्टरांनी तोंडात दोन बोटं घालून सणसणीत शिट्टी मारली.