परक्याचा दिवा

"आधी दिवा जागेवर ठेवू द्या, साहेब. मग सांगा काय ते."

रत्नम्माने देवाजवळच्या समईवर पणती पेटवून घेतली, पदराआड धरली आणि उंबरा ओलांडला. ओट्यावर बसलेला सुगत उठून उभा राहिला.

"अम्मा, जरा महत्त्वाचं होतं."

"आसंल की. चांगलं आसंल तर तेवढ्यानं शिळं होत न्हाई, अन् वाईट आसंल तर पळून जात न्हाई. दिवा ठेवेपर्यंत मी कुणाचं काही ऐकत न्हाई, नेम हाय. चला संगं. वाटेत कुत्री लई हायती, तुमची काठी तरी कामाला येईल."

सुगत जळकोटहून नुकताच बदलून आलेला हवालदार. एक वाक्य तो सकाळपासून तोंडात घोळवत होता. ते तसंच गिळून तो म्हातारीच्या मागे निघाला.

कार्तिकातली संध्याकाळ होती. नदीवरून धुकं वर चढत होतं आणि हरभऱ्याची कोवळी रानं त्यात हळूहळू बुडत होती. वाळूचे ट्रॅक्टर थांबले होते. रत्नम्मा अनवाणी चालत होती. पाय मातीला लागतात की नाही कळत नव्हतं. पदराआडचा उजेड तेवढा तिच्या पुढे पुढे सरकत होता, जणू वाट त्यालाच ठाऊक होती आणि ती नुसती मागून जात होती.

"माझ्या सत्यमचंच काही आसंल," ती म्हणाली. "न्हाई, सांगू नका! मी बोलते, तुम्ही हूं म्हणा. नेम ऐकायचा हाय, बोलायचा न्हाई."

"हूं."

"मस्कतला गेला. तीन वर्सं झाली, फोन न्हाई. ठाण्यात गेलं की म्हणायचे, पोरगं परदेशात हाय अम्मा, तिथं आमचं काय चालतंय? गावातल्या बाया म्हणत्यात, तिकडंच बायको केली त्यानं. केली तर केली. काळी आसो का गोरी, अंबाडीची भाजी मी शिकवीन तिला."

सुगतला हसू आलं. त्याने मान वळवून धुक्याकडे पाहिलं.

"पण एक सांगते. माझ्या लेकानं कधी कुणाच्या रानातलं कणीस तोडलं न्हाई. ठाण्याची पायरी ठाव न्हाई त्याला."

"हूं," सुगत म्हणाला. घोळ तिथंच होता.

सत्यम मस्कतला राहिलाच नव्हता. मालकाने पासपोर्ट दाबून ठेवला, फोनही काढून घेतला. तेव्हा तो वकिलातीच्या कागदावर परत आला. विमानतळावर काचेवर ठेवून त्याच्या दहाही बोटांचे ठसे घेतले गेले. त्याच आठवड्यात इथल्या नदीला आलेल्या पुरात एक देह सापडला. चेहरा पाण्याने नेला होता, खिशात काही नव्हतं. पोलिसांनी त्याचीही बोटं घेतली आणि आपल्या यंत्रात शोधली. त्या यंत्रात होती ती फक्त आरोपींची बोटं. विमानतळाचं यंत्र वेगळं, पोलिसांचं वेगळं, आणि एकाने दुसऱ्याला कधी विचारलं नाही. एका यंत्रात सत्यम घरी परतला होता. दुसऱ्यात तो कुणीच नव्हता. एखादं कणीस चोरताना धरला गेला असता, तर त्याच आठवड्यात त्याला त्याचं नाव मिळालं असतं.

नाव मिळालं ते परवा. नांदेडला कुणीतरी दोन्हीकडचे ठसे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा. तोवर बेवारस म्हणून त्याला माती देऊन तीन पावसाळे झाले होते. आईला सांगायचं आणि जागा दाखवायची, हे काम सुगतकडे आलं. साहेबांनी खूण तेवढी सांगितली होती. नदीकाठी, एक वाकडी बाभूळ.

महादेवाच्या देवळापाशी ती थांबेल असं सुगतला वाटलं. ती थांबली नाही. हात गुंतलेले, म्हणून तिने नंदीसमोर नुसती मान लववली आणि पाण्याच्या बाजूला उतरू लागली. धुक्यात आता ती दिसत नव्हती. नुसता उजेड चालला होता. सुगत त्या उजेडाच्या मागे उतरला.

उजेड थांबला तो एका वाकड्या बाभळीखाली.

बुंध्याशी एक फुटकी घागर आडवी ठेवली होती. आतून काजळीने काळी झालेली. रत्नम्माने पणती तिच्या पोटात ठेवली. वारा अडला, ज्योत सरळ झाली.

सुगतच्या तोंडातलं वाक्य कधी विरघळलं, त्याला कळलं नाही.

"हा कोण कुणाचा, देवाला ठाव," ती हळू आवाजात म्हणाली. कुणी झोपलेलं असावं तशी. "पुरात वाहून आला बिचारा. पोलीस आले, बोटं रंगवली, माती लोटली, गेले. बायामाणसांना जवळ येऊ देत नव्हते. मी लांबूनच तुळशीचं पान पाठवलं. मनात आलं, ह्याची माय कुठंतरी वाट बघून राहिली आसंल. आपण ह्याला उजेड दाखवावा, म्हंजे तिकडं परमुलखात माझ्या लेकाला कुणीतरी दाखवील. पोचतो का न्हाई, त्यो जाणे."

तिने हात जोडले. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मग पदराने तोंड पुसून तिने वर पाहिलं.

"हं. झाला नेम. आता बोला, साहेब."

सुगतने टोपी काढली. बूट काढले. तो तिच्या शेजारी मातीत बसला आणि घागरीच्या तोंडाशी त्याने दोन्ही हातांचा आडोसा धरला.

"पोचत होता, अम्मा," तो म्हणाला. "रोज. तुमच्या सत्यमलाच."